एक तास पन्नास मिनिटांवरचा मुलगा

कवळीवाल्याने परगावी दुसरा संसार थाटलाय, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा कोणी सोडली ते विचारू नका. मीच सोडली. पण उगाच हवेत बार काढायची मला सवय नाही. माझ्याकडे साक्षीदार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई कामानिमित्त विमानाने फिरत असतात. त्यांनी याला एका भलत्याच शहराच्या विमानतळावर पाहिला. सांगून गेला होता की बहिणीकडे चाललोय, वडिलांना भेटायला. बहिणीचं शहर उत्तरेला, आणि हा पठ्ठ्या बसलाय दक्षिणेला! गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर एक चौकोनी डबा, आणि फोनवर मधाळ आवाजात म्हणतोय, "नाही नाही, अजून निघालोच नाही. साडेचारला निघतो. मग दोन तासांत समोर हजर."

आता तुम्हीच सांगा, पन्नाशीतला माणूस विमानतळावर बसून 'अजून निघालोच नाही' असं कोणाला सांगतो?

मी फक्त जिन्यात दोघांना बोललो. संध्याकाळपर्यंत ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलं, त्याला मी काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी, म्हणजे कवळीवाल्याची बायको, दूध घ्यायला खाली आली ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"भोंगाभावजी," ती म्हणाली. बिल्डिंग मला भोंगा म्हणते. वहिनी त्याला भावजी जोडते, तेवढाच मान. "दुसरा संसार म्हणे? अहो, त्यांच्या पहिल्या संसारातला नळ आठ महिने गळतोय. दुसऱ्या घरात कोण उभं करेल त्यांना?"

"मग दक्षिणेला काय करत होता तो?"

"उत्तरेला चालले होते."

"दक्षिणेतून?"

"हो," वहिनी म्हणाली आणि तिचं हसू उतरलं. "तेच तर दुखणं आहे आमच्या घरातलं."

आणि मग दुधाची पिशवी माझ्या दाराच्या कडीला अडकवून तिने मला सगळं सांगितलं. का सांगितलं? तिलाही मन मोकळं करायचं होतं, आणि बातमी सोडायची तर ती निदान खरी सुटावी, असा हिशोबी विचार तिने केला असणार. बाई हुशार आहे.

कवळीवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर दात काढतो, तोंडाचं माप घेतो, पाटीवर नाव लावतो. कवळी बनवतो तो हा. आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्याच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, बोटभर लांबीच्या सुऱ्या, आणि एका पेटीत रंगाप्रमाणे लावलेले सुटे दात. पांढऱ्या रंगाच्या सोळा तऱ्हा असतात हे मला त्याच्याकडे कळलं. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, बेसिन, आणि भिंतभर फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. अर्ध्या शहराची तोंडं तिथे आ वासून बसलेली. कोणाचं कोणतं ते विचारलं तर सांगत नाही; ही त्याची एक वाईट खोड.

मापाच्या बाबतीत मात्र देवमाणूस. नवी कवळी दोन जबड्यांत बसवायची, मधे निळा कागद धरायचा, मिटवायची, उघडायची, आणि डाग कुठे उमटला ते डोळ्याला भिंग लावून बघायचं. "केसभर उंच आहे," म्हणतो. डॉक्टर फोनवर सांगतात, अहो चालेल. हा म्हणतो, "तुम्हाला चालेल हो, पण चावायचंय त्यांना." आणि पुन्हा घासायला बसतो.

अशा माणसाने आयुष्यात एकच माप न मोजता सांगितलं, आणि तेही स्वतःच्या बापाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचे वडील चौतीस वर्षं लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी गाडी डोक्यातून उतरली नव्हती. कोणी म्हटलं, अमुक गाव शंभर किलोमीटर आहे, तर हे विचारणार, "थांबे किती?" माझ्याशी रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव टाकायचे आणि हरले की म्हणायचे, "आज रस्त्यात खड्डे फार होते." घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका सकाळी जिन्यात घसरले, खुब्याचं हाड गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या विसरा.

मग घरात बैठक बसली. ताई आणि दाजी, म्हणजे कवळीवाल्याची थोरली बहीण आणि तिचा नवरा, दोन दिवस गाडी हाकत आले. त्यांचं घर बैठं, पुढे अंगण, फाटक. बाबांना आमच्याकडे न्यायचं, असं ताईचं म्हणणं. मी तिथे वाटीभर साखर परत द्यायला गेलो होतो. जरा थांबलो, इतकंच.

बाबांनी आधी दुखरा पाय सरळ केला. मग म्हणाले, "जातो. पण मला एक सांगा. रात्री-अपरात्री मला काही झालं, तर हा किती वेळात माझ्यापाशी येणार?"

सगळ्यांनी कवळीवाल्याकडे बघितलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, दोन शहरांची नावं टाकली आणि जे दिसलं ते मोठ्याने वाचलं. "अंतर अकराशे चाळीस किलोमीटर. विमानाने एक तास पन्नास मिनिटं."

"थांबे धरून?"

"विमानाला थांबे नसतात, बाबा."

"बघू," म्हणत दाजींनी आपल्या मोबाइलवर खात्री केली. "बरोबर. एक तास पन्नास. काय जमाना आलाय! अहो बाबा, मी इथून भाजी आणायला निघालो तरी एवढा वेळ लागतो."

"अरे वा," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मलाही बरं वाटलं. "म्हणजे शेजारच्या गावातच म्हणायचं. माझी कवळी ढिली झाली तर येशील ना घट्ट करायला?"

"येईन की. दोन तासांचं तर काम."

आणि त्या एका आकड्यावर म्हाताऱ्याचं बिऱ्हाड हललं.

पुढच्या महिन्यात कवळीवाला तिकीट काढायला गेला. तिकीटवाल्याने कॉम्प्युटरवर बोटं नाचवली आणि मान हलवली. "या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही, साहेब."

"नाही कसं? वेळ लिहिलीय ना!" याने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

तिकीटवाल्याने एक नजर टाकली आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "साहेब, ही नकाशावर सरळ रेघ मारून काढलेली वेळ आहे. विमान असतं तर एवढा वेळ लागला असता."

विमान असतं तर! मला हे वहिनीने सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो, आणि ती हसत नाही हे बघून मधेच थांबलो.

मग उत्तरेला जायचा रस्ता कसा, तर आधी दक्षिणेला उडायचं. तिथल्या मोठ्या विमानतळावर साडेचार तास लोखंडी खुर्ची तापवायची. मग दुसरं विमान धरायचं, जे आपल्याच डोक्यावरून परत उत्तरेला जाणार. ते उतरणार ताईच्या शहराबाहेर लांब माळावर, तिथून टॅक्सी. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. पहाटे साडेपाचला आमच्या बिल्डिंगचा जिना उतरलेला माणूस संध्याकाळी सव्वासहाला ताईचं फाटक उघडतो. पावणेतेरा तास.

पहिल्यांदा गेला तेव्हा तो सगळं खरं सांगायचं ठरवूनच गेला होता. पण फाटकात बाबा उभे, सोबत तिथले दोन शेजारी. बाबा त्यांना सांगत होते, "हा माझा मुलगा. एक तास पन्नास मिनिटांवर असतो." आता अशा वेळी कुठला मुलगा तोंड उघडेल?

नाही उघडलं. उलट, मापाचा माणूस असल्यामुळे खोटंसुद्धा माप घेऊन बोलायला लागला. दुसरं विमान माळावर उतरलं की बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत चार पंचवीस. तिथून तो बाबांना फोन करायचा, "निघालो!" आणि टॅक्सीने बरोबर सव्वासहाला फाटकात. एक तास पन्नास मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. बाबा मनगटावरचं घड्याळ दाखवून दाजींना म्हणायचे, "बघा, वेळेवर गाडी आली."

इतकं चोख खोटं मी जन्मात बोललो नसेन, आणि माझा अनुभव दांडगा आहे.

पण खोटं जितकं नेटकं बसलं तितकं त्यालाच टोचायला लागलं. बाबांनी साधा हिशोब केला. दोन तासांवर राहणारा मुलगा दोन महिन्यांतून एकदा येतो. ताईजवळ बोलले, "मी ड्युटीवर असताना दोन तासांत न्याहारी करून, टायर बघून, झोप काढून यायचो. याला बापासाठी दोन तास निघत नाहीत." ताईने ते फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. दाजींनी वर मीठ टाकलं. कवळीवाला खाली टेबलाशी बसून दातओठ खायचा. दुसऱ्यांचे दात हातात, आपले ओठांत.

मग याने एक काम केलं. मागच्या खोलीतली प्लास्टरची पोती पुढे आणली, फळ्या उतरवल्या, भिंती खरवडल्या, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, खिडकीखाली पलंग टाकला. वहिनीने स्वतः रंग दिला. पुढच्या खोलीत आता हलायला जागा नाही. जबडे टेबलाखाली, खुर्चीखाली, एक तर माझ्या पायाखालीच यायचा होता. पण खोली झकास झाली. चार जिने चढायचे नाहीत, मुलगा दिवसभर भिंतीपलीकडे, संध्याकाळी पत्त्यांना मी हजर.

बँकवाल्या बाईंनी पाहिलं त्याच खेपेला त्याने बाबांना सांगितलं, "चला घरी. तळमजल्यावर खोली केलीय तुमच्यासाठी."

बाबा म्हणाले, "नको."

"का?"

"दोन तासांवर असून तू येत नाहीस. तळमजल्यावर आलो तर चार मजले उतरून येशील याची काय खात्री?"

तो परत आला त्या दिवशी खाली नव्या खोलीत जाऊन पलंगावर नुसता बसून होता. मी डोकावलो.

"सांगून टाक ना खरं," मी म्हटलं. "एवढं काय त्यात?"

"काय सांगू, भोंग्या? की न मोजता आकडा फेकला? की नसलेल्या विमानाच्या भरवशावर तुम्हाला घरातून काढलं?" तो पलंगावरून उठला. "लोकांच्या तोंडात केसभर चूक राहू देत नाही मी. आणि बापाला अकराशे किलोमीटरची चूक लावून दिली. ती कुठल्या कानशीने घासू?"

मी दार हळूच ओढून घेतलं. असं मी क्वचित करतो.

दोन महिन्यांनी पुन्हा जायची वेळ आली. बाबांच्या हिरड्या आटल्या होत्या, खालची कवळी बोलतानाच टुणकन उडायची. तिथल्या डॉक्टरला ते तोंड दाखवायला तयार नव्हते. कवळीवाल्याने जुन्या मापावर नवी कवळी केली होती. आता ती तोंडात बसवून बारीक घासायची तेवढं राहिलं होतं. वहिनी म्हणाली, "भावजी, या खेपेला तुम्ही बरोबर जा. तुमचं ऐकतात मामंजी. त्यांना घरी यायला तयार करा. तुमच्या तोंडाचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे."

मी आयुष्यात विमानात बसलो नव्हतो. लगेच तयार झालो.

विमानतळावर सामान तपासणाऱ्या पट्ट्यावर डबा आत गेला आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या बाईंनी डबा उघडला. आत रुमालात गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा, त्यावर गुलाबी नवी कवळी, चार कानशी, निळा कागद.

"हे कोणाचं?"

"वडिलांचं."

"वडील कुठे आहेत?"

"तिकडे. उपाशी बसतील हे पोचेपर्यंत."

बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी एकेक कानस उचलून धार बघितली. कवळीवाला समजावतोय, कानशीने माणूस मरत नाही, फार तर गुळगुळीत होतो. तेवढ्यात ट्रेमध्ये ठेवलेला त्याचा मोबाइल वाजायला लागला. ट्रे माझ्यासमोर. स्क्रीनवर 'बाबा'. आता वाजणारा फोन मला बघवत नाही, हे माझ्या बायकोलाही माहीत आहे.

"बाबा, मी भोंगा!" मी ओरडलो. "ओळखलंत का? मीही येतोय!"

"अरे भोंग्या! तू? कधी निघताय?"

"निघालो की! विमानतळावरच आहोत, समोर विमान दिसतंय!"

"आत्ता सव्वासात," पलीकडून आवाज आला. मला ते घड्याळाकडे बघताना दिसले. "म्हणजे नऊ पाचला फाटकात. या, या. ही जुनी मेली काढूनच ठेवतो. आता खाईन तर नव्या दातांनी. ताईला कणसं भाजायला सांगतो, किती दिवसांत कणीस दाताखाली आलं नाही."

आणि फोन ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चार पंचवीसला सांगायचं 'निघालो' मी सव्वासातलाच सांगून बसलो होतो.

कवळीवाला डबा सोडवून आला. दोन कानशी ठेवून घेतल्या होत्या, म्हणून आधीच कातावलेला. मी म्हटलं, आता नको सांगायला, उगाच विमानात रक्तदाब वाढायचा. ढग फार छान दिसत होते. मी ढगांबद्दल बोलत राहिलो.

दक्षिणेच्या विमानतळावर उतरून त्याने मोबाइल चालू केला. ताईचे सात फोन येऊन गेलेले. त्याने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाबांशी कोण बोललं?"

"म्हणजे त्याचं असं झालं..."

"भोंग्या."

"मी."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ वळला. लोखंडी खुर्चीवर बसला, मांडीवर डबा, आणि ताईला फोन लावला. ताईचा आवाज मला दोन खुर्च्या सोडून ऐकू येत होता. "अरे आहेस कुठे? बाबा नऊपासून फाटकात खुर्ची टाकून बसलेत. ह्यांनी टीव्ही लावून ठेवलाय, कुठे विमान-बिमान पडलं की काय! बाबा तोंडात दात घालायला तयार नाहीत, काही खात नाहीत. कणसं गार झाली."

"विमानाला उशीर झालाय, ताई."

"किती?"

"बराच."

फोन ठेवून तो म्हणाला, "आणखी एक खोटं. चल, जमा झालं." आणि दैवाला त्याचं बोलणं खरं करायची घाई झाली असावी, कारण थोड्या वेळाने समोरच्या पाटीवर आमचं दुसरं विमान खरोखरच पाऊण तास पुढे ढकललं गेलं.

ते सव्वापाच तास मी कसे काढले, विचारू नका. समोर एक माणूस सँडविच खात होता. कवळीवाला त्याच्या जबड्याकडे एकटक बघत होता. "उजव्या बाजूने चावतोय," तो पुटपुटला. "डावीकडे उंच आहे. कोणीतरी मोजलं नाही." मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं. त्याने घेतलं नाही. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा घेतलं.

"बाबा काय म्हणाले शेवटी?" त्याने विचारलं.

"म्हणाले, नऊ पाचला फाटकात."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "चौतीस वर्षांत त्यांची गाडी कधी लेट झाली नाही रे."

सात वाजता आम्ही टॅक्सीतून उतरलो. बाबा फाटकातच होते. कवळी नसल्यामुळे गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली, गुडघ्यांवर शाल. शेजारी दाजी मोबाइल घेऊन उभे. मी तोंडभर हसून पुढे झालो, पण बाबांनी हाताने मला बाजूला केलं. त्यांना बोलायला दात नव्हते, पण शब्द कळत होते.

"विमान कुठे थांबलं होतं?"

कवळीवाल्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तिकीट दाखव."

ड्रायव्हर माणसाला तिकीट वाचायला शिकवावं लागत नाही. याने शर्टाच्या खिशातून चुरगळलेले दोन कागद काढून दिले. बाबांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेले. पहिल्यावर आमच्या शहराचं नाव आणि दक्षिणेच्या शहराचं. दुसऱ्यावर दक्षिणेच्या शहराचं आणि इथलं. वेळा छापलेल्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. ताईही दारातून बाहेर आली होती.

"दर वेळी असंच?"

"हो."

"घरातून कधी निघतोस?"

"साडेपाचला. सकाळी."

"आणि मला 'निघालो' म्हणतोस ते?"

"इथल्या विमानतळावरून."

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "येऊन-जाऊन साडेपंचवीस तास. माझ्याजवळ बारा. त्यातले आठ तर मी घोरतो." त्यांनी कागद मुलाच्या नाकासमोर धरले. "गाढवा, ड्रायव्हरच्या पोटी जन्मून वेळापत्रक खोटं लावलंस?"

"आकडा मीच सांगितला होता, बाबा. त्या दिवशी. न बघता." त्याने डबा खाली ठेवला. "तुम्ही त्याच्यावरच घर सोडलंत. मग सांगायची लाज वाटली."

"आणि मी दोन वर्षं तुला शिव्या दिल्या."

"दिल्यात."

"मनात जास्त दिल्या." बाबांनी कागदांची नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. "आत चल. आधी दात लाव. पोटात कावळे ओरडतायत. नंतर भांडू."

आत दिव्याखाली खुर्चीत बाबा आ करून बसले. कवळीवाल्याने हात धुतले, कवळी बसवली, निळा कागद धरला. "मिटा. उघडा. बाजूला घासा." दोनच कानशी उरलेल्या, तरी अर्धा तास घासत होता. दाजी म्हणाले, "बसली की! चांगली दिसतेय." कवळीवाल्याने पुन्हा कागद धरला. शेवटी कागदाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा उमटला तेव्हा त्याने कानस खाली ठेवली. ताईने कणसं पुन्हा गरम करून आणली. बाबांनी पहिलं कणीस दोन्ही हातांत धरलं आणि दाण्यांच्या सरळ ओळी काढत गेले. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. दुसरं संपलं. तिसऱ्याच्या अर्ध्यावर ते थांबले.

"ती खोली. पायऱ्या किती?"

कवळीवाल्याने मान वर केली. "एक होती. तीही मी उतार करून टाकली."

"भोंग्या, खरं का?"

"अगदी खरं," मी म्हटलं. "मी स्वतः त्यावरून घसरून बघितलंय."

"मग मंगळवारी निघू. ताई, रागावू नकोस, तू फार केलंस माझं. पण विमानाने नाही यायचं मी. तुम्ही लोक विमानाची वेळ बोटाने रेघ मारून काढता. बसने जाऊ. मधे एका ठिकाणी रात्रीचा मुक्काम. कुठे थांबायचं ते मला माहीत आहे."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान तिने होकाराचीच हलवली. दाजी मात्र उठूनच उभे राहिले. "बसने? या वयात? अहो, दोन दिवस जातील!" मग ते मेव्हण्याकडे वळले, मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि स्क्रीनवर बोट आपटलं. "अरे, तू तरी समजाव! हे बघ, अजूनही इथे एक तास पन्नास मिनिटंच दाखवतंय!"

कवळीवाला कानशी रुमालात गुंडाळत होता. त्याने मोबाइलकडे बघितलंही नाही.

"मग तुम्ही त्या विमानाने या, दाजी," तो म्हणाला. "आम्ही बसने निघतो. कोण आधी पोचतं ते बघू."